नोंद, हेतू आणि खासगीपणा : गावदप्तरापासून संकेतस्थळांच्या माहितीसंकलनापर्यंत एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

‘खासगी’ हा मराठीतील जुना प्रशासकीय शब्द आहे. मराठेशाहीत राज्याचा सार्वजनिक वसूल आणि सत्ताधारी घराण्याचे स्वतःचे उत्पन्न वेगळे ठेवले जाई. होळकरांच्या राज्यात पहिल्यास ‘दौलत’ आणि दुसऱ्यास ‘खासगी’ म्हणत. पाटोद्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातील चौंडी ही ज्यांची जन्मभूमी, त्या पुण्यश्लोक अहिल्याबाईंनी या खासगीतून देशभर घाट, मंदिरे व धर्मशाळा बांधल्या, हे सर्वश्रुत आहे. मात्र हा शब्द मुळात राजघराण्याच्या संदर्भातील आहे. रयतेला ‘खासगी’ नव्हती. रयतेचे घर, शेत, जात, जनावरे आणि देणे हे सारे कुणाच्या ना कुणाच्या दप्तरात नोंदलेले असे, आणि ते दप्तर तिच्या हाती नसे.

दि. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. राजघराण्याच्या तिजोरीचा वाचक असलेला शब्द अशा रीतीने सामान्य माणसाच्या हक्काचा वाचक झाला. परंतु हक्क कागदावर येणे आणि तो अंगवळणी पडणे यांत अंतर असते. आज आपला विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना, निकाल पाहताना, मोबाईलवर एखादे अॅप उतरवून घेताना आपली माहिती देत असतो. ती कोण घेतो, कशासाठी घेतो आणि ती पुढे कोठे जाते, हे प्रश्न त्याच्या मनात सहसा उद्भवत नाहीत.

हा विषय संगणकशास्त्राचा आहे असे समजून इतर विषयांचे अध्यापक त्यापासून दूर राहतात. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, हा मूलतः ‘नोंदीच्या इतिहासाचा’ विषय आहे आणि तो शिकविण्याची साधने इतिहासाच्या अध्यापकाकडे आधीपासूनच आहेत.

उद्दिष्टे

१. महाराष्ट्रातील, विशेषतः मराठवाड्यातील, नोंदपद्धतींच्या आधारे माहितीसंकलनाची ऐतिहासिक वैशिष्ट्ये स्पष्ट करणे.
२. संकेतस्थळांच्या माहितीसंकलनाची कार्यपद्धती त्या वैशिष्ट्यांच्या संदर्भात समजावून घेणे.
३. पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांना हा विषय शिकविण्याच्या दिशा सुचविणे, तसेच महाविद्यालयाच्या स्वतःच्या दप्तराचा विचार करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, न्यायनिर्णय आणि प्रकाशित ऐतिहासिक साहित्य यांचा आधार घेतला आहे.

१. दप्तर कोणाचे?

मराठी मुलखात गावची नोंद ठेवण्याचे काम कुलकर्ण्याकडे होते. निजामाच्या राज्यात ते पटवाऱ्याकडे होते. जमीन, पीक, सारा, बलुते, वतन यांच्या नोंदींबरोबर घरोघरची मोजदाद, म्हणजे ‘खानेसुमारी’, हीही येथील प्रशासनाला अपरिचित नव्हती. या नोंदी मोडीत असत. निजामी अमलाखाली त्यांत फारसी व पुढे उर्दूची भर पडली. ज्याच्याविषयी नोंद आहे त्याला ती वाचता येत नव्हती. ती खरी की खोटी हे तपासण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते. गावात कुलकर्ण्याच्या लेखणीचा जो धाक होता, त्याचे मूळ या असमतेत होते.

शेजारच्या इंग्रजी मुलखातही ही असमता कमी झाली नाही. तिचे स्वरूप तेवढे बदलले. १८५२ च्या इनाम कमिशनच्या कायद्याने दक्षिणेतील इनामदारांना आपल्या सनदा व कागदपत्रे चौकशीसाठी हजर करावी लागली आणि या चौकशीत अनेकांची इनामे खालसा झाली. पिढ्यान्पिढ्या जपलेला कागद दाखवावा तरी धोका, न दाखवावा तरी धोका, अशी स्थिती निर्माण झाली. पुढे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे जुन्या घराण्यांची दप्तरे शोधत गावोगाव हिंडले तेव्हा कागद दाखविण्याविषयीचा संकोच त्यांना वारंवार अनुभवावा लागला. या संकोचाकडे आपण केवळ अज्ञान म्हणून पाहतो. कागद दुसऱ्याच्या हाती गेला की त्याचा उपयोग आपल्या हाती राहत नाही, या अनुभवाचाही त्यात भाग असू शकतो, हे लक्षात घेतले पाहिजे.

पुण्याच्या पेशवे दप्तराचे उदाहरण याहून बोलके आहे. मराठ्यांच्या राज्यकारभाराचे हे प्रचंड साधन इंग्रज सरकारच्या ताब्यात होते आणि भारतीय संशोधकांना ते दीर्घकाळ मोकळेपणाने पाहता येत नव्हते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध झाले, तेव्हा ही कोंडी काही प्रमाणात फुटली. ज्यांच्या पूर्वजांचे कागद, त्यांनाच ते पाहण्याची बंदी, हा अनुभव मराठी इतिहासकारांच्या दोन पिढ्यांनी घेतला आहे. ‘माझ्याविषयी तुमच्याकडे काय नोंद आहे ते मला दाखवा’ या आजच्या कायदेशीर मागणीचा अर्थ इतिहासाच्या अभ्यासकाला म्हणूनच वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

२. हेतू बदलतो, नोंद टिकते

नोंदीचे दुसरे वैशिष्ट्य मराठवाड्यातील जनतेने अगदी अलीकडे अनुभवले आहे. हैदराबाद संस्थानात पहिली जनगणना १८८१ मध्ये झाली. पोलीस कारवाईनंतर १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात सामील झाले. त्यानंतर १९५१ च्या जनगणनेबरोबर नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर तयार झाले. खासरा व पाहणी पत्रके तयार झाली. शाळांमधून प्रवेश-निर्गम नोंदवह्या लिहिल्या जात होत्या. गाव पातळीवर जन्म-मृत्यूच्या नोंदी होत होत्या. या नोंदी करणाऱ्यांपुढे त्या त्या वेळचा हेतू होता. सारा वसूल करावा, शिरगणती व्हावी, मुलाचे नाव शाळेत दाखल व्हावे, एवढाच तो मर्यादित होता.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातील या सर्व नोंदींत ‘कुणबी’ हा उल्लेख शोधण्याचे काम सुरू झाले. तहसील कार्यालयांतील जीर्ण गठ्ठे सुटले. मोडी व उर्दू वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. दि. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटिअरमधील नोंदींनाही या प्रक्रियेत स्थान मिळाले. आरक्षणाच्या प्रश्नाचे गुणदोष हा या निबंधाचा विषय नाही. लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, पटवाऱ्याने किंवा शाळामास्तराने सहज लिहिलेल्या एका शब्दावर त्या माणसाच्या पणतवंडांचे प्रवेश व नोकऱ्या अवलंबून राहिल्या. लिहिणाऱ्याला याची कल्पना नव्हती. ज्याच्याविषयी लिहिले त्यालाही नव्हती.

येथे नोंद लाभदायक ठरली म्हणून आपण तिचे स्वागत करतो. परंतु त्याच १९५१ च्या नागरिक रजिस्टरचा आसाममधील उपयोग पाहिला की दुसरी बाजू दिसते. तेथे हे रजिस्टर नागरिकत्व सिद्ध करण्याच्या मूळ आधारांपैकी एक ठरले आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या अंतिम यादीतून १९,०६,६५७ अर्जदार वगळले गेले. एकाच प्रकारची नोंद एका प्रांतात सवलतीचे दार उघडते आणि दुसऱ्या प्रांतात नागरिकत्वाविषयी शंका उभी करते. नोंदीच्या अंगी स्वतःचा असा चांगुलपणा वा वाईटपणा नसतो. ती टिकते, तिचा वापर मात्र पुढचा काळ ठरवितो.

हा धोका आपल्या कायदेकर्त्यांना अज्ञात नव्हता. १९४८ च्या जनगणना कायद्यातील कलम १५ अन्वये जनगणनेतील व्यक्तिगत नोंदी पाहण्यास कोणालाही हक्क नाही आणि त्या सामान्यतः पुरावा म्हणूनही ग्राह्य नाहीत. ज्या हेतूने माहिती घेतली त्याच हेतूसाठी ती वापरावी, हे तत्त्व परदेशातून नव्याने आलेले नसून स्वतंत्र भारताच्या आरंभीच्या कायद्यांत ते अंतर्भूत आहे, ही बाब विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितली पाहिजे.

३. हजेरी आणि ठसे

नोंदीचे तिसरे वैशिष्ट्य म्हणजे ती माणसाला एका वर्गात बसविते आणि मग त्या वर्गावरून त्याचे मोल ठरते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा हे याचे सर्वांत कठोर उदाहरण होय. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई प्रांतापर्यंत वाढविली. जमातीतील व्यक्तींची नावनोंदणी, बोटांचे ठसे आणि ठरावीक वेळी द्यावयाची हजेरी ही त्याची साधने होती. सोलापूर येथे अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणातील वसाहत होती. ‘सेटलमेंट’ हा शब्द त्या शहराच्या बोलीत अद्याप टिकून आहे. मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये व केंद्राने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला. कुंपण निघाले, पण रजिस्टरने लावलेला शिक्का निघाला नाही. बीड जिल्ह्यातील पारधी समाजातील माणसाला आजही चोरीच्या संशयाला प्रथम सामोरे जावे लागते. वर्गात आपण दररोज ‘हजेरी’ घेतो. या शब्दाचा हा दुसरा अर्थ आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असावयास हवा.

बोटांच्या ठशांचा इतिहासही भारताशी निगडित आहे. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने करारावर हाताचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कलकत्ता येथे ठशांचे स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले आणि त्यातील वर्गीकरणाच्या कामात अझिझुल हक व हेमचंद्र बोस या भारतीयांचा मोठा वाटा होता. करार पाळला जावा म्हणून सुरू झालेले हे तंत्र लवकरच गुन्हेगार ओळखण्यासाठी आणि पुढे संपूर्ण समाजावर लक्ष ठेवण्यासाठी वापरले गेले. दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालमध्ये १९०६ साली आशियाई लोकांवर सक्तीची नोंदणी व ठसे लादण्याचा प्रस्ताव आला. त्याविरुद्ध ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्ग येथे झालेल्या सभेतून सत्याग्रहाचा आरंभ झाला आणि १६ ऑगस्ट १९०८ रोजी भारतीयांनी आपली नोंदणीपत्रे जाहीररीत्या जाळली. सत्याग्रहाच्या इतिहासातील हे पहिले प्रकरण आपण वर्णभेदाविरुद्धचा लढा म्हणून शिकवितो. ते व्यक्तीच्या नोंदीविषयीचेही प्रकरण आहे, ही बाजू बहुधा सुटून जाते.

स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न न्यायालयांपुढे आला. दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेल्या खरक सिंग यांच्या नावे उत्तर प्रदेश पोलिसांनी पाळतीचे रजिस्टर उघडले होते. १९६२ च्या निर्णयाने रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरविल्या, पण खासगीपणा हा स्वतंत्र मूलभूत हक्क म्हणून मान्य केला नाही. न्या. सुब्बा राव यांनी मात्र भिन्नमत नोंदवून तो व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला. २०१७ च्या निर्णयाने पंचावन्न वर्षांनी या भिन्नमताला मान्यता दिली. त्याही पूर्वी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४७ मध्ये घटना समितीच्या कामकाजासाठी सादर केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात व्यक्ती, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितले होते. केवळ जातीवरून निवारा नाकारला जाण्याचा अनुभव घेतलेल्या द्रष्ट्याने ही मागणी करावी, यात खासगीपणाचा खरा सामाजिक आशय दडलेला आहे. खासगीपणा ही सुखवस्तू माणसाची चैन नसून दुर्बलाचे कवच आहे.

अर्जातील अनावश्यक रकान्यांविषयी १९९१ चा नीरा माथुर विरुद्ध भारतीय आयुर्विमा महामंडळ हा निर्णयही वर्गात सांगण्याजोगा आहे. नोकरीच्या प्रतिज्ञापत्रात स्त्री उमेदवारांना मासिक पाळी व गर्भारपणाविषयी प्रश्न विचारले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते स्त्रीच्या आत्मसन्मानाला बाधक ठरवून ते रकाने काढून टाकण्यास सांगितले. छापील अर्जात रकाना आहे म्हणून तो भरलाच पाहिजे, ही आपल्याकडील दृढ समजूत या निर्णयाने मोडीत काढली आहे.

४. संकेतस्थळाचे दप्तर

वरील तिन्ही वैशिष्ट्ये, म्हणजे दप्तरावरील एकतर्फी ताबा, बदलणारा हेतू आणि वर्गवारी, संकेतस्थळांच्या माहितीसंकलनात एकत्र आलेली दिसतात.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सुरू केली. त्याच्या एक वर्ष आधी, १९९४ मध्ये, नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी ‘कुकी’ तयार केली होती. संकेतस्थळाला आधीच्या भेटीची आठवण राहत नसे. ग्राहकाने निवडलेल्या वस्तू पुढच्या पानावर लक्षात राहाव्यात, यासाठी वाचकाच्या संगणकावर एक लहानशी खूण ठेवण्याची ही युक्ती होती. जाहिरात कंपन्यांनी लवकरच तिचा दुसरा उपयोग शोधला. एकाच कंपनीच्या जाहिराती शेकडो संकेतस्थळांवर असल्याने, तीच खूण वाचून एक माणूस कोठे कोठे फिरला याची साखळी जोडता येऊ लागली. डबलक्लिक या कंपनीने अशा माहितीला प्रत्यक्ष नावे व पत्ते जोडण्याचा बेत आखला होता, परंतु तीव्र विरोधामुळे मार्च २००० मध्ये तो स्थगित करावा लागला. आठवणीसाठी केलेली खूण काही वर्षांतच पाळतीची खूण झाली. ठशांच्या बाबतीत जे घडले त्याचीच ही पुनरावृत्ती होय.

संकेतस्थळाला भेट देताच यंत्राचा इंटरनेटवरील पत्ता, ब्राउझर, वेळ, आधीचे पान या गोष्टी सर्व्हरच्या नोंदवहीत उमटतात. मोबाईलवरील अॅप याहून पुढे जाऊन संपर्कयादी, छायाचित्रे, ध्वनिक्षेपक व ठावठिकाणा यांची परवानगी मागते. परंतु विद्यार्थ्याला सर्वांत अवघड जाणारी कल्पना ही की, दिलेल्या माहितीवरून न दिलेली माहिती ओळखली जाते. ती समजावून देण्यास बीड जिल्ह्यात दूर जावे लागत नाही. २०२५ मध्ये येथील जिल्हा पोलीस दलाने नामफलकांवरून आडनाव वगळून केवळ पहिले नाव ठेवण्याचा निर्णय घेतला, कारण आडनावावरून जात व जातीवरून पक्षपाताचा तर्क केला जातो. आडनाव ही एक शब्दाची माहिती, पण तिच्यातून ऐकणारा किती निष्कर्ष काढतो हे प्रत्येक विद्यार्थ्याने अनुभवले आहे. संकेतस्थळे हेच काम हजारो बारीक खुणांवरून करतात.

संमतीच्या प्रश्नाचे एक ठळक उदाहरण २०१८ मध्ये पुढे आले. केंब्रिज अॅनालिटिका प्रकरणात फेसबुकने दिलेल्या माहितीनुसार भारतात संबंधित अॅप केवळ ३३५ जणांनी घेतले होते, परंतु त्यांच्या मित्रयादीमुळे बाधित होण्याची शक्यता असलेल्यांची संख्या ५,६२,४५५ झाली. म्हणजे एकाच्या होकाराने सुमारे सतराशे जणांची माहिती उघडी पडली. कर्ज देणाऱ्या अॅपनी संपर्कयादीतील नातेवाइकांना धमकावल्याच्या तक्रारी वाढल्यानंतर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांद्वारे अशा अॅपना संपर्कयादी, कॉल नोंदी व फाईल यांना हात लावण्यास मनाई केली.

पाटोदा परिसरातील अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. कोयत्याची उचल घेतली जाते, तिचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो आणि किती फिटली, किती राहिली हे ती वहीच ठरविते. ‘मला अटी मान्य आहेत’ या चौकटीवर न वाचता बोट ठेवणे आणि न दिसणाऱ्या वहीवर अंगठा उठविणे यांतील साम्य या घरांतून आलेल्या विद्यार्थ्याला एका वाक्यात कळते. आपल्या विद्यार्थ्यांच्या अनुभवात या विषयाचे ज्ञान आहे. त्याला केवळ नाव द्यावयाचे आहे.

५. अध्यापनाच्या दिशा

इतिहासाच्या विद्यार्थ्याला आपण साधनांची चिकित्सा शिकवितो. हा कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, कोणत्या हेतूने लिहिला आणि तो कोणाच्या ताब्यात राहिला, हे चार प्रश्न बखरीला विचारावयाचे तसेच संकेतस्थळाला विचारता येतात. या आधारावर पुढील उपक्रम सुचविता येतील.

पहिला उपक्रम दाखल्याचा. शाळा सोडल्याच्या दाखल्यातील प्रत्येक रकाना फळ्यावर लिहावा आणि तो कशासाठी विचारला असावा याची चर्चा करावी. नंतर एखाद्या संकेतस्थळाचा नोंदणी अर्ज त्याच पद्धतीने तपासावा. कोणते रकाने कामासाठी आवश्यक आणि कोणते अनावश्यक, हे विद्यार्थी स्वतः ठरवू लागतात.

दुसरा उपक्रम परवानग्यांचा. प्रत्येकाने आपल्या मोबाईलमधील पाच अॅपना दिलेल्या परवानग्या वहीत उतरवून काढाव्यात. विजेरीच्या अॅपला संपर्कयादी कशाला हवी, हा प्रश्न व्याख्यानापेक्षा अधिक शिकवून जातो. ज्यांच्याकडे स्वतःचा मोबाईल नाही त्यांना गटात घ्यावे. घरातील एकच मोबाईल सर्वांनी वापरणे हा खासगीपणाचाच एक प्रश्न आहे आणि विद्यार्थिनींच्या बाबतीत तो अधिक नाजूक आहे.

तिसरा उपक्रम गैरसमज दूर करण्याचा. ब्राउझरमधील ‘खासगी’ खिडकी आपल्याच यंत्रावरील खुणा पुसते. संकेतस्थळ व सेवा पुरविणारी कंपनी यांच्याकडील नोंद त्यामुळे नाहीशी होत नाही. कुकी पुसणे, प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड ठेवणे आणि ओटीपी कोणालाही, अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकालाही, विचार केल्याशिवाय न सांगणे या गोष्टी प्रात्यक्षिकाने दाखवाव्यात.

चौथा उपक्रम भाषेचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यान्वये संमतीसाठीची सूचना इंग्रजीत अथवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देणे बंधनकारक केले आहे. अनुसूचीत मराठी आहे. मोडी व उर्दूतील दप्तर ज्यांच्या आजोबांना वाचता आले नाही, त्यांच्या नातवंडांनी हा हक्क मागून घ्यावा. माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा व पुसून घेण्याचा हक्कही याच कायद्यात आहे. शासनाला त्यात दिलेल्या व्यापक सवलतींवरील टीकाही विद्यार्थ्यांसमोर ठेवावी.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. खासगीपणा शिकविताना गुप्ततेचा गौरव होता कामा नये. रोजगार हमीच्या कामावरील हजेरीपत्रके जाहीर वाचली गेली तेव्हा खोट्या नावांचे मजूर उघडकीस आले. महाराष्ट्रात २००२ मध्ये आणि देशात २००५ मध्ये माहिती अधिकाराचा कायदा झाला तो अशाच मागण्यांतून. सार्वजनिक पैशाचा हिशेब उघडा असावा आणि व्यक्तीचे जीवन तिच्या ताब्यात असावे. ‘दौलत’ आणि ‘खासगी’ यांतील जुना भेद लोकशाहीत असा उलटा वाचावा लागतो : दौलत सर्वांची म्हणून उघडी, खासगी ज्याची त्याची म्हणून राखलेली.

६. महाविद्यालयाचे स्वतःचे दप्तर

विद्यार्थ्याची सर्वाधिक माहिती मोठ्या परदेशी कंपनीच्या आधी महाविद्यालयाकडे असते. जात, उत्पन्न, आधार क्रमांक, बँक खाते, भ्रमणध्वनी, अपंगत्व, पालकांचा व्यवसाय हे सारे प्रवेश अर्जात असते. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आला. त्यानंतरच्या काळात शिष्यवृत्ती, परीक्षा व प्रवेश या सर्व प्रक्रिया संगणकावर आल्या आणि आधारची छायाप्रत ही प्रत्येक अर्जाची सोबतीण झाली. प्रवर्ग व उत्पन्नासह शिष्यवृत्तीच्या याद्या फलकावर लावणे, आधारच्या प्रती वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर मागविणे, मूल्यांकनाच्या तयारीत विद्यार्थ्यांची नावे व भ्रमणध्वनी असलेल्या याद्या संकेतस्थळावर चढविणे, या गोष्टी अनेक ठिकाणी कोणत्याही दुष्ट हेतूवाचून, केवळ सवयीने घडतात. फलकावरची यादी आठवड्याने निघते. संकेतस्थळावरची यादी शोधयंत्रांच्या साहाय्याने जगात कोठूनही व कितीही वर्षांनी वाचता येते.

नव्या कायद्याची नियमावली नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाली असून मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांचा कालावधी ठेवण्यात आला. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. अकरावी-बारावीचे बहुसंख्य विद्यार्थी या वयोगटात मोडतात. शैक्षणिक संस्थांना काही मर्यादित सूट असली तरी जबाबदारीतून मुक्ती नाही. यास्तव पुढील शिफारशी कराव्याशा वाटतात.

१. जाहीर याद्यांत केवळ आसन क्रमांक वा अर्ज क्रमांक द्यावा; प्रवर्ग, उत्पन्न, आधार व भ्रमणध्वनी देऊ नयेत.
२. प्रत्येक अर्जातील रकान्यांचा वर्षातून एकदा आढावा घेऊन अनावश्यक रकाने वगळावेत.
३. कागदपत्रे समाजमाध्यमांच्या गटांवर मागवू नयेत.
४. जुन्या छायाप्रती किती काळ ठेवावयाच्या व कशा नष्ट करावयाच्या याचा लेखी नियम असावा. मात्र इतिहासाच्या दृष्टीने मोलाच्या नोंदवह्या त्यात जाऊ नयेत.
५. आपली नोंद पाहण्याची व चूक दुरुस्त करून घेण्याची सोय प्रत्येक विद्यार्थ्यास असावी.

चौथ्या शिफारशीतील अंतर्विरोध मुद्दाम नमूद केला आहे. शाळांनी जुनी प्रवेश-निर्गम पुस्तके नष्ट केली असती तर २०२३ नंतरचा शोध निष्फळ झाला असता. इतिहासाच्या अभ्यासकाला नोंद टिकावी असे वाटते. नागरिकाला ती कधी कधी पुसली जावी असे वाटते. या दोन्ही इच्छा रास्त आहेत. नोंदवही जपणे आणि तिच्या हजारो छायाप्रती मोकाट सोडणे यांत फरक करता येणे, हाच या शिक्षणाचा गाभा होय.

निष्कर्ष

कुलकर्ण्याचे दप्तर, निजामी पत्रके, हजेरीचे रजिस्टर आणि संकेतस्थळाची कुकी यांचे तंत्र वेगवेगळे असले तरी त्यांमागील प्रश्न एक आहे : नोंद करणारा आणि नोंदला जाणारा यांचे परस्परांशी नाते काय असावे? इतिहास असे दर्शवितो की, ज्याच्याविषयी नोंद होते त्याला ती वाचता आली, तिचा हेतू विचारता आला आणि ती सुधारून घेता आली, तरच नोंद त्याच्या उपयोगी पडते. अन्यथा ती त्याच्यावरील सत्तेचे साधन होते. डोंगराळ व दुष्काळी तालुक्यातील पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला संगणक हाताळता येणे आवश्यक आहेच. परंतु अर्ज भरताना ‘हा रकाना कशासाठी?’ असे विचारण्याचे धैर्य त्याहून आवश्यक आहे. ते धैर्य वर्गात यावयाचे असेल, तर हा प्रश्न प्रथम आपल्याच कार्यालयाच्या खिडकीत विचारला जाईल, आणि त्याचे उत्तर देण्याची तयारी आपण अध्यापकांनी ठेवली पाहिजे.